मामांचं चायनाटाऊन

भाषा येत नाही म्हणून गप्प बसणारी माणसं जागोजागी भेटतात. पण आपल्याला भाषा येत नाही हे ज्याच्या गावीच नाही, असा माणूस मी एकच पाहिला. माझ्या बायकोचे मामा. कोविडच्या पहिल्या वर्षी ते रॉटरडॅमजवळ आमच्याकडे, कापेलला, चार दिवस राहायला म्हणून आले आणि विमानंच बंद झाल्यामुळे अडकून पडले. कानटोपी, मास्क आणि मधे चष्मा एवढेच दिसणारे हे गृहस्थ सुपरमार्केटातल्या मुलीला कोथिंबीर शिळी असल्याचं शुद्ध मराठीत सुनवायचे, आणि ती आतून ताजी जुडी आणून द्यायची. शेजारच्या डच आजी त्यांच्या रोजच्या "काय, बरंय ना?"ला "बरंय" असं उत्तर देऊ लागल्या होत्या. मी इतकी वर्षं राहून त्यांच्याशी हवेच्या पलीकडे बोललो नव्हतो.

मामांना आणखी एक नाद होता. कुठंही गेलं की, इथं आधी कोण राहायचं, ही चौकशी. कातेन्द्रेख्त या बंदरालगतच्या भागात एके काळी चिनी खलाशांची मोठी वस्ती होती, हे त्यांनी कुठंसं वाचलं आणि माझ्यामागे लकडा लावला. उन्हाळ्यात निर्बंध सैल झाल्यावर एका शनिवारी आम्ही गेलो. नव्या कोऱ्या इमारती, कॉफीची दुकानं, समोर नदी. चिनी म्हणावं असं काहीच नाही. तरी मामा गल्ल्यागल्ल्यांतून दारांवरच्या पाट्या निरखत हिंडले. शेवटी एका छोट्या चिनी खानावळीच्या, पार्सलपुरत्या उघड्या ठेवलेल्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ गिऱ्हाइकाची वाट बघत उभे दिसले. मामांनी नमस्कार करून त्यांना मूळ गाव विचारलं. मी माझ्या मोडक्या डचमध्ये दुभाष्या झालो.

त्यांचा जन्म इथलाच. वडील आगबोटीत भट्टीत कोळसा घालायचे. ते काम गेल्यावर गळ्यात पत्र्याचा डबा अडकवून रस्त्यारस्त्यांवर शेंगदाण्याच्या वड्या विकायचे. "म्हणजे चिक्की," मामा खूश होऊन म्हणाले. वडील दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी गावी जाऊ. त्यांना इथंच पुरलंय, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. मामाही रोज सकाळी मला विमानाचं विचारायचे.

तेवढ्यात कुत्रा फिरवणारा एक माणूस खिडकीपाशी थबकला आणि म्हणाला, ही साथ तुम्हीच आणलीत. म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. मामांनी मला अर्थ विचारला. मग ते त्या माणसासमोर, नियमाप्रमाणे दीड मीटर सोडून, उभे राहिले.

"अहो, हे इथंच जन्मलेत. यांच्या वडिलांनी तुमच्या बोटी चालवल्यात. जरा विचार करून बोलावं."

आवाज चढला नव्हता. त्या माणसाला शब्द कळले नसणार, पण त्याने नजर चुकवली आणि कुत्र्याला ओढत तो निघून गेला. म्हाताऱ्यांनी आम्ही मागवलेल्या नूडल्सच्या पुडक्यावर दोन मोठे कांद्याचे रोल ठेवले. मामा रोल खात नदीकडे बघत राहिले.

पुढं विशेष विमान निघालं आणि मामा पुण्याला गेले. काही दिवसांनी मी एकटाच त्या खिडकीशी गेलो. म्हाताऱ्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं. ते गावी गेले, मी म्हटलं.

"नीट पोचले?"

"पोचले."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले, "कुणीतरी पोचलं."