बौद्धाचार्याची दहा दिवसांची रजा

कारेगावच्या एका लग्नात मी सगळ्या वऱ्हाडाला श्रद्धांजलीसाठी उभं केलं, तेव्हा मला बौद्धाचार्य होऊन अठरा वर्षं झाली होती. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. रांजणगावला कारखाने आल्यापासून कारेगावात भाडेकरू वाढले, लग्नं वाढली, बारशी वाढली. आठवडाभर शाळेत मास्तरकी करायची आणि रविवारी पांढरा शर्ट चढवून तीन-तीन विधी उरकायचे, असं चाललं होतं. त्या दिवशी सकाळी कवठे येमाईला एका वारलेल्या म्हाताऱ्यांचं पुण्यानुमोदन होतं, म्हणजे मरणानंतरचा विधी, आणि दुपारी हे लग्न. वधूवरांच्या प्रतिज्ञा झाल्या, हार पडले, आणि मी माईकवर सवयीनं म्हणालो, "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

माणसं गुणी. सगळी उभी राहिली. बँडवाल्यानं टोपी काढली. नवरदेवानंही मान खाली घातली. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तेवढं विचारलं, "आरं, पर गेलं कोन?"

लोक इतके हसले की मांडव पडायचाच राहिला. मीही हसलो. पण घरी जाताना जीपमध्ये मला भीती वाटली. तोंड वंदना म्हणत होतं आणि मी तिथं नव्हतोच. किती दिवसांपासून नव्हतो, तेही आठवेना. बायको म्हणाली, "तुमची पार कॅसेट झालीया. बंद करा जरा."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सगळी लग्नं दुसऱ्यांकडे सोपवली आणि दौंडच्या श्रामणेर शिबिरात दाखल झालो. श्रामणेर म्हणजे दहा दिवसांपुरता भिक्खू. डोकं-मिशी साफ, अंगावर चीवर, दुपारी बारानंतर जेवण नाही. मिशीचं दुःख मी गिळलं. संध्याकाळच्या भाकरीचं काही गिळवेना. वंदनेला बसलो की माझी सगळ्यांच्या आधी संपायची. शिबिर घेणाऱ्या भंतेजींनी एकदा डोळे न उघडताच विचारलं, "गुरुजी, पुढं लग्न हाय का कुठं?"

मी हळू म्हणू लागलो. तरी आत काही हलेना. सातव्या दिवशी वाटलं, संपलं आपलं. गावी जाऊन सांगून टाकावं की बाबांनो, दुसरा माणूस बघा.

आठव्या सकाळी आम्ही रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत भिक्षेला निघालो. रांगेत मी शेवटचा. एका दारातून एक बाई आल्या आणि त्यांनी माझ्या पात्रात चपाती आणि शेपूची भाजी वाढली. "आमच्या मालकांना लई आवडायची," त्या म्हणाल्या. "आज वरीस झालं त्यांना जाऊन. त्यांच्यासाठी म्हना की भंते, काहीतरी."

हा तर माझ्या हातचा मळ. एरवी चिठ्ठीवरचं नाव वाचायचं आणि सुरू व्हायचं. इथं चिठ्ठी नव्हती. शेपूचा वास येत होता, दारात त्या माणसाच्या चपला अजून तशाच होत्या, आणि मी तोंड उघडलं तर त्रिशरणाची 'बुद्धं सरणं गच्छामि' ही पहिली ओळसुद्धा येईना. रांग पुढं निघून गेली. मला रडू फुटलं.

बाईंनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "नवीन दिसताय. असू द्या," असं म्हणून त्यांनी हात जोडले. "म्हना माझ्यामागं."

मी त्यांच्यामागून एकेक ओळ म्हणत गेलो, आणि ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं त्या माणसाची मला आठवण येऊ लागली.