माटोळीचं तवसं

चवथीच्या आदल्या दिवशी आई मागच्या दारी गेली आणि न्हाणीच्या भिंतीवर चढवलेल्या वेलाचं एकुलतं एक तवसं काढून घेऊन आली. तवसं म्हणजे आमची पावसाळी काकडी. चांगली जून झाली की हातभर लांब आणि पिवळीधमक होते. तिने ते पदराने पुसलं, पिशवीत घातलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"भाटकाराकडे पावय."

माझं डोकंच फिरलं. ज्या भाटकाराने यंदा तिला आपल्या सड्यावर पाय ठेवू दिला नाही, त्याच्या गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीला आमचं एकमेव तवसं? आणि आमच्या गणपतीच्या डोक्यावर टांगायला काय, तर म्हापशाच्या बाजारातलं, घाटावरून आलेलं, कसल्याकसल्या फवाऱ्यांनी न्हालेलं!

"निदान बी तरी काढून घे त्यातलं," मी म्हटलं.

"बी काडलेला तवसा माटोळीक बांधतत?" आई म्हणाली. "आणि आमच्या गणपतीक ठावक आसा आमचा काय जाला ता. भाटकाराक ठावक नाय."

मी पिशवी उचलली. कारण जे झालं होतं ते माझ्या नोकरीपायी झालं होतं.

पेडण्यात आमच्या गावाच्या वर मोठा सडा आहे. कातळ, मधे मधे मातीचे पट्टे. मालकी भाटकाराची, तो म्हापशाला राहतो. बाबा तुयेच्या कारखान्यात पाळ्या करायचे, त्यामुळे शेती हे आईचंच राज्य. मला कळायला लागल्यापासून पावसाळ्यात सड्यावर तिची भाजी असायची. भेंडी, दोडकी, तवशी. जमिनीचं भाडं नाही, कागद नाही. रीत एकच. चवथीला पहिलं चांगलं तवसं भाटकाराच्या माटोळीला जायचं, आणि गणपती पोचवून माटोळी उतरवली की भाटकारीण तेच तवसं आईला बियाण्यासाठी परत पाठवायची. आई ते चिरून बी राखेत घोळवायची आणि चुलीमागच्या भिंतीला थापून ठेवायची. तवसं परत आलं म्हणजे पुढच्या वर्षी पेरा. हे कोणी कधी तोंडाने बोललं नाही, पण दोन्ही घरांना समजत होतं.

मी सेंद्रिय शेती शिकायला कोल्हापूरकडे गेले तेव्हा गावाने माझी भरपूर थट्टा केली. "शेणाची डिग्री घेऊक गेला," म्हणायचे. मला ते लागत नसे. लागलं ते कॉलेजात. प्रत्येकाने आपल्या घरच्या शेतीवर लिहून आणायचं होतं. मी आईच्या सड्यावर लिहिलं. सर वाचून म्हणाले, छान आहे, पण ही तुमची शेती नव्हे, तुमच्या आईचं नाव उताऱ्यावर कुठे आहे? मी दुसऱ्या कोणाच्या तरी उसावर लिहून दिलं आणि खोलीवर येऊन रडले. रागाने रडले. जिच्या हातची भेंडी खाऊन मी वाढले ती बाई सरकारदरबारी गृहिणी. आमच्याकडे एक-चौदाच्या, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यासारख्या, उताऱ्यावर नाव नाही तर कृषी कार्ड नाही, कार्ड नाही तर बियाणं नाही, खत नाही, गव्यांनी मळा तुडवला तर भरपाई नाही. त्या दिवसापासून गांडूळखतावरून माझं मन उडालं. मला नियम लिहायचे होते.

ते काम मला पणजीत मिळालं. एका संस्थेत, कंत्राटावर, शेतीच्या धोरणांचे मसुदे करायचं. सेंद्रिय शेतीच्या मसुद्यात एका वाक्यासाठी मी सगळ्यांशी भांडले: जमीन कोणाच्याही नावावर असो, जो ती प्रत्यक्ष कसतो तो शेतकरी, आणि त्याला शेजाऱ्यांची साक्ष पुरे. साहेबांना ते पटलं. मी हवेतच होते. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाटकाराक इचारलंस?"

मी हसले. अगं, हे मदतीपुरतं आहे, मालकीचा यात काय संबंध?

मसुदा सूचनांसाठी लोकांपुढे गेला आणि मला संबंध कळला. गोव्यात कसणारा म्हटलं की कूळ आठवतं, आणि कूळ म्हटलं की भाटकाराला कूळकायद्यात गेलेल्या आजोबांच्या जमिनी दिसतात. ज्याची भाजी त्याची जमीन होणार, अशी हूल उठली. मे महिन्यात आमचा भाटकार स्वतः गाडी घेऊन आला. चहा घेतला, बाबांची चौकशी केली आणि आईला म्हणाला, "तुमचें चेडू शिकलां, बरें जालें. ताणें कायदो केला म्हण आयकलां. पूण यंदा सड्यार कोणेंच पाय घालचो न्हय." आवाज अगदी मऊ. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

आमचंच घर एकटं असतं तरी मी सोसलं असतं. जूनमध्ये डिचोलीला मसुद्यावर बैठक होती. तिथे नार्व्याहून आलेल्या एका बाईने मसुद्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "कागद बरयलो ती तूंच?" नदीकाठी दुसऱ्याच्या जमिनीत ती मिरची लावायची. "आमचें नांव घालूंक गेलें आनी आमकां भायर घाललीं," एवढंच बोलून ती खुर्चीवर जाऊन बसली. करायला गेले गणपती आणि झालं माकड. पुढची सगळी बैठक मी खाली मान घालून काढली.

आई मला एका शब्दाने बोलली नाही. तिने भिंतीवरचं होतं तेवढं बी न्हाणीच्या मागे पेरलं. तिथे घराची सावली पडते. वेल आला तो सगळा पानांचा, आणि त्याला धरलं ते हे एक तवसं.

मी साहेबांना सांगितलं होतं, ते वाक्य काढू या. ते म्हणाले, "वाक्य तुझं आहे. चवथीनंतर ये आणि तूच काय ते सांग." मी मनाशी ठरवलं, तवसं परत आलं तर काढायचं. एक वाक्य गेलं तर गेलं, आईचा सडा तर राहील.

तवसं घेऊन गेले तेव्हा भाटकाराने ते स्वतःच्या हाताने घेतलं. माटोळीच्या मधोमध बांधलं, नारळाच्या शेजारी. भाटकारणीने हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या दिल्या. माझ्या नोकरीची चौकशी केली. परत येताना मला वाटलं, आलंच हे तवसं परत.

त्यांचा गणपती पाच दिवसांचा. तो पोचवला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर आला. हातात स्टीलचा डबा. "बायेन धाडला," म्हणाला आणि सोप्यावर टेकला.

आईने आत नेऊन झाकण उघडलं. तवसळी होती. आमचंच तवसं किसून, रवा, गूळ, खोबरं घालून उकडलेली, वर काजूची पाकळी. घमघमाट सुटला होता.

आईने एक तुकडा हातात घेऊन कुस्करला. मग दुसरा. बोटांनी चाचपत राहिली. तवसळीत बी कधीच नसतं, ते आधी काढून टाकतात, आणि आईइतकं ते कोणाला माहीत? मला बघवेना. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो सोडवून घेतला, एक घास तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला.

"गोड जाल्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुझा ता वाक्य आसा अजून?"

"आहे. तरी सोमवारी काढायला सांगते, मग तरी भाटकार ऐकेल."

"काडू नको."

"आई, मग सडा..."

"सडो गेलो गे. आता कोणाक भियाचा?"

आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तरी चिमूटभर साखर घालतात. आईने उरलेली तवसळी ताटात काढली, डबा घासला, फडक्याने कोरडा केला. साखरेची बरणी तिच्या हाताशीच होती. तिने डब्याला झाकण लावलं आणि तो रिकामाच नेऊन ड्रायव्हरच्या हातात दिला.