झाशीत "आई" आली

झाशीला जावं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मी एप्रिलात गेलो, कारण भाचीनं बोलावलं. मुक्ता, माझ्या मावसबहिणीची मुलगी. गिटार घेऊन एकटीच गाते. पहिला अल्बम, तोही सगळा मराठीत, आणि त्याचा कार्यक्रम झाशीत. म्हणजे कोकणात स्वेटर विकण्यासारखं. फोनवर म्हणाली, "मामा, हॉलमध्ये एकाला तरी समजलं पाहिजे. तुम्ही याच."

ताई, म्हणजे मुक्ताची आई, गेल्या वर्षी गेली. त्या घरात मराठी बोलायची ती आणि मुक्ता. भाऊजींचं फक्त आडनाव मराठी उरलंय. आता पोरीला मराठीत बोलायला घरात कोणी नाही, म्हणून गाते.

पुण्याहून थेट गाडी आहे, डबा घरून न्या. झाशी स्टेशनाचं नाव आता इतकं लांबलंय की घोषणा संपेपर्यंत माणूस ऑटोत बसलेला असतो. भाडं आधी ठरवा. "जो मन हो दे देना" म्हणणारा सगळ्यात महाग पडतो. सकाळी पोहे-जिलबी एकाच द्रोणात मिळते. नाक न मुरडता खा. किल्ला मात्र ऊन चढायच्या आत उरका.

कार्यक्रम लग्नाच्या हॉलात होता. शहरातली म्हातारी मराठी माणसं उकाड्यामुळे आली नाहीत आणि जी तरुण आली ती आईला मम्मी म्हणतात. तीन गाणी लोकांनी शिष्टाचार म्हणून सोसली. चौथं ताईवरचं. धृपदात एकच शब्द, खालच्या सुरात, थांबत थांबत: आई... आई...

हॉल जागा झाला. हिंदीत आई म्हणजे आली.

शेजारचे सफारीतले गृहस्थ माझ्याकडे झुकले. "कौन आई, भाईसाहब? बहू?"

"गई," मी म्हटलं.

ते मनापासून हसले आणि टाळ्यांचा ठेका धरला. मग सगळ्यांनीच धरला. पहिल्या रांगेतले भाऊजी हात मांडीवर ठेवून बसले होते. लोक वळून त्यांच्याकडे कौतुकानं बघू लागले, तेव्हा त्यांनीही ठेका धरला. मागून फर्माईश आली, "बिटिया, वो आई-आई वाला फिर से." मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिनं ते पुन्हा गायलं, दुप्पट लयीत.

दुसऱ्या दिवशी एरचला गेलो. चिरगाँवपर्यंत बस, पुढे मिळेल ते वाहन. पाणी जवळ ठेवा. तिथे बेतवा नदीत ताईच्या अस्थी सोडल्या होत्या. मुक्तानं गिटार खोळीतून काढलीच नाही. लोकांना सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"काय सांगू, मामा? खुश होते सगळे." मग खोळ खांद्याला लावत, "तुम्हाला तरी आईच ऐकू आली ना?"

मी हो म्हटलं. पहिल्या वेळेपुरतं ते खरं होतं.

घरी येऊन बॅग रिकामी केली. बुंदेलखंडाची धूळ चपलांतून अजून निघते आहे. एरच पुन्हा बघायला आवडेल, तो हॉल नको. परवा मुक्तानं व्हिडिओ पाठवला. झाशीतलंच कुठलंसं लग्नघर, दारात नवी सून, हातात आरती घेतलेली सासू, आणि स्पीकरवर ताईचं गाणं, दुप्पट लयीतलं. बायका नाचताहेत.

खाली लिहिलं होतं, "मामाजी, गाना चल गया."

तिनं मला हिंदीत लिहिलेला हा पहिलाच निरोप.