डॅम्प वॉल्सचा जाहीर सत्कार

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी व्हाइटफील्डमधल्या एका कॅफेत ‘डॅम्प वॉल्स’ या ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचा कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. मागे लोक उभे होते. बँडने एकही गाणे वाजवले नाही.

बँडचा गायक प्रवीण हा आमचा जावई आहे. (हितसंबंध आधी जाहीर करावेत, ही आमच्या धंद्यातली शिस्त. मी पुण्यात एका वृत्तपत्राच्या टेबलावर इतरांच्या बातम्या कापण्यात आयुष्य घालवले. निवृत्तीनंतर आम्ही दोघे लेकीकडे, म्हणजे मुक्ताकडे, बंगळूरला राहतो.) प्रवीण बनशंकरीचा, कानडी घरातला. आठवडाभर आयटी पार्कात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी तिघा मित्रांबरोबर स्वतः रचलेली गाणी वाजवतो. बँडच्या नावाचा अर्थ कळल्यावर सौ. म्हणाली होती, “ओल आलेल्या भिंती? अहो, मग गाणी कसली म्हणताय, वॉटरप्रूफिंग करून घ्या!”

याच कॅफेत पहिल्यांदा ऐकायला गेलो ते जावयाचा मान राखायला. परत आलो ते चिडून. बँडवर नव्हे, जगावर! गाणे साधेच होते. एक मुलगा बंद पडलेल्या सिग्नलपाशी उभा राहून आईला फोन लावतो, आणि ती उचलत नाही. पण मागचे गिटार असे काही चढत गेले की भावनांना मथळ्यात जागा न देणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला चष्मा पुसावा लागला. आणि श्रोते? मी, मुक्ता, आणि फोन चार्जिंगला लावायला आत आलेले एक गृहस्थ. शेजारच्या पबात त्याच वेळी दुसऱ्यांची गाणी जशीच्या तशी म्हणणारा बँड होता. तिथे रांग होती. रांग!

मी चौकशी सुरू केली, आणि प्रकरण वाटले त्याहून गंभीर निघाले. होसकोटेजवळच्या एका शेडमध्ये ‘फोर्कलिफ्ट’ नावाचा बँड सराव करतो. त्यांचे संगीत ऐकताना कारखान्याची पाळी सुटल्यासारखे मोकळे वाटते. त्यांना आजवर फक्त एक आमंत्रण आले, तेही शोरूमच्या उद्घाटनाचे, आणि तिथे हळू वाजवा म्हणून सांगितले! बनशंकरीत तीन बायकांचा ‘राँग प्लॅटफॉर्म’ आहे. त्यांच्या व्हिडिओखाली एकच प्रतिक्रिया होती: “मागचा पडदा कुठून घेतला?”

यात डॅम्प वॉल्सची अवस्था सर्वांत नाजूक होती. कॅफेचे मालक मंजुनाथ यांनी प्रवीणला शेवटचे सांगितले होते, “म्यूझिक अच्छा है. लेकिन खाली कुर्सी कॉफी नहीं पीती.” या रविवारी हॉल भरला आणि लोकांना कार्यक्रम आवडला तर दर महिन्याला पाऊण तास कायमचा त्यांचा. नाहीतर पुन्हा येऊ नका. ड्रमवाल्याने ड्रमसेट विकायची जाहिरात लिहून तयार ठेवली होती. हा कार्यक्रम पडला की बँड संपणार होता.

मी आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष करंदीकर अण्णा यांना फोन केला. अण्णा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंता. उभी हयात बंगळुरात गेल्याने बोलण्यात कानडी मिसळते.

“रॉक?” अण्णा म्हणाले. “म्हणजे ते केस झटकत वाजवतात ते?”

“चौघांपैकी दोघांना टक्कल आहे, अण्णा.”

“सरी, सरी. मग हरकत नाही. माणसं मी आणतो. पण कार्यक्रम मंडळाचा म्हटल्यावर रीतीने व्हायला हवा. दीपप्रज्वलन नको?”

मी “हवेच” म्हणालो.

सौ.ने मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला: ‘आमच्या जावयांचा गाण्याचा कार्यक्रम आहे. सहकुटुंब या. गर्दी हवी आहे.’ मराठी माणसाला इतक्या स्पष्टपणे कोणी बोलावत नाही. सगळे आले! पैठण्या आल्या, नेहरू शर्ट आले. पहिल्या रांगेतल्या लिमयेकाकूंनी पर्समधून कापसाचा गुंडाळा काढून दोन्हीकडे फिरवला. “कानात घाला. सगळ्यांना पुरेल.”

समईला जागा हवी म्हणून आधी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर हलवला. एसीच्या वाऱ्याने ज्योत विझली. एसी बंद केला. ज्योत लागली, पण लिमयेकाकूंना घाम आला. एसी सुरू केला. अखेर दोन सदस्य समईला हातांचा आडोसा करून उभे राहिले आणि कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे, अण्णांचे प्रास्ताविक सुरू झाले. त्यात मंडळाची स्थापना, पहिली सतरंजी कोणी दिली, आणि ती नंतर कोणाच्या घरी आढळली, हे सविस्तर आले.

मग शाल-श्रीफळ. चौघांनाही, कारण एकाला द्यायचे आणि तिघांना नाही, हे बरे दिसत नाही. ड्रमवाल्याच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात काठ्या. नारळ ठेवायला ड्रमशिवाय जागा नव्हती. तो त्याने ड्रमवर ठेवला आणि तो घरंगळत खाली गेला. दुपारभरात त्या ड्रममधून निघालेला तेवढाच आवाज!

“जावयाला नुसती शाल?” म्हणत सौ. तबक घेऊन पुढे आली आणि तिने प्रवीणला ओवाळले. मग हॉल दिला म्हणून मंजुनाथ यांचा सत्कार. मग त्यांच्या पत्नी आत उभ्या आहेत असे कळल्याने त्यांची ओटी.

प्रवीण शाल सावरत माझ्या कानाशी आला. “मावा, टाइम...” (कानडीत सासऱ्याला मावा म्हणतात.)

“झालंच,” मी म्हणालो. “आता फक्त परिचय.”

परिचय मी करून देणार होतो. दोन ओळींचा. आयुष्यभर इतरांचे दहा परिच्छेद कापून दोन ओळी केल्या होत्या. पण माइक हातात आला, समोर भरलेला हॉल दिसला आणि मला तो चार्जिंगवाला गृहस्थ आठवला.

“या शहरात माणूस पार्किंगसाठी तासभर गोल गोल फिरतो,” मी म्हणालो, “आणि नव्या गाण्यासाठी त्याच्याकडे तीन मिनिटं नाहीत!”

लोक हसले.

“हसण्यासारखं काय आहे यात?”

आणखी हसले. मी फोर्कलिफ्टची हकिकत सांगितली, टाळ्या पडल्या. पडद्याची चौकशी करणाऱ्या प्रतिक्रियेचा मी जाहीर निषेध केला, तेव्हा अण्णांनी डोळे पुसले. मागच्या भिंतीशी मंजुनाथही पोट धरून उभे होते. “ही शरमेची बाब आहे!” मी ओरडलो. लिमयेकाकूंनी कानातला कापूस काढला.

भाषण संपवून मी वळलो तेव्हा दारातून फुगे आत येत होते. पुढची वेळ एका वाढदिवसाला दिलेली होती.

ड्रमवाल्याने काठ्या उचलल्या. प्रवीणने तारांवर हात ठेवला. “एक तरी,” तो म्हणाला.

“स्वल्प थांबा हो!” अण्णांनी माइक घेतला. “आभारप्रदर्शन राहिलं!”

आभार झाले, आणि केक आला.

घरी परतताना गाडीत मुक्ता म्हणाली, “बाबा, आजवर लोक गाणं अर्ध्यात सोडून जायचे. आज सुरूच होऊ दिलं नाहीत.”

“वेळेचं नियोजन अण्णांकडे होतं,” मी म्हणालो.

“अहो, अण्णा दहा मिनिटं बोलले,” सौ. मागून म्हणाली. “बाकीचं कोण बोललं?”

दुसऱ्या दिवशी मंजुनाथ यांचा फोन आला. “सर, पूरा हॉल हँस रहा था. मुझे मराठी नहीं आती, फिर भी हँसा. हर महीने का स्लॉट फिक्स!”

“बँड का?”

“आपका, सर. स्टँड-अप.”

“मैं जोक नहीं कर रहा था. मैं गुस्से में था!”

“वही, सर! वही चाहिए.”

मी स्पष्ट सांगितले, बँड नसेल तर मी येणार नाही. मंजुनाथ यांनी थोडा विचार केला आणि अट मान्य केली. मी ही बातमी घरात सर्वांना सांगितली. ड्रमवाल्याने लिहून ठेवलेली जाहिरात रद्द केली.

कॅफेच्या दारावर आता फलक लागला आहे. त्यावर माझा तोंड उघडे असलेला फोटो असून खाली ‘अँग्री अंकल’ असे लिहिले आहे. सर्व जागा भरल्या आहेत. फलकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, आणखी एक ओळ आहे: ध्वनिव्यवस्था, डॅम्प वॉल्स.