अक्काचं न धुतलेलं लुगडं

माझ्या थोरल्या जावेचा, अक्काचा, मी नऊ वर्षं मनापासून हेवा केला. ती दिसायला माझ्याहून उजवी नव्हती, भाकरीही तिची जाडच. तरी सासूबाई हाक मारायच्या ती तिला, आणि गोठ्यातली मोठी म्हैस पान्हा सोडायची तीही तिलाच. बहात्तरच्या दुष्काळात ही म्हैस जगली ती अक्कामुळं, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वैरणीचे भारे डोक्यावरून मी आणले होते. दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत शिंगं रंगवलेली ती म्हैस अक्काच्या हाकेसरशी वळायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. माझा हात लागला की लाथ झाडायची.

मग अक्काचं डोकं दुखायला लागलं. मी नवऱ्याला म्हटलं, “कामाचा कट्टाळा आलाय, दुसरं काय न्हाय.” म्हटलं होतं, आता लपवून काय उपयोग. पुढं तिला एका घागरीच्या दोन दिसू लागल्या, तेव्हा मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मेंदूत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन मुंबईला, आणि खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा.

आमची सगळी गल्ली गवळ्यांची. गल्लीनं ठरवलं, रविवारी संध्याकाळी प्रत्येक घरानं एक म्हैस तालमीपुढच्या कट्ट्यावर आणायची, लोकांसमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला ज्याच्या मनाला येईल त्या किमतीला द्यायचा. सगळे पैसे अक्काला. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्यानं पैशांसाठी नवी कोरी चादर अंथरली. पार गडमुडशिंगीपासून माणसं आली. आणि मला काय वाटलं? उद्या माझ्या जिवावर बेतलं तर यातली किती येतील, हे वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण जळफळाटच झाला.

सगळ्यांना आमचीच म्हैस बघायची होती. तोवर कशीबशी धार काढणारी अक्का त्या सकाळपासून अंथरुणाला खिळलेली, म्हणून धारेला मी बसले. सरकीची पेंड पुढं ठेवली, आचळं कोमट पाण्यानं धुतली, गोंजारलं. म्हशीनं पान्हा चोरला तो चोरलाच. पेले धरून उभी राहिलेली माणसं चुळबुळायला लागली.

“वैनी, म्हस आटली जणू! चला रं, घरी जाऊया,” कुणीतरी ओरडलं आणि गर्दी खरंच पांगू लागली.

सासूबाई लगबगीनं घरी गेल्या आणि अक्काचं हिरवं इरकली लुगडं घेऊन आल्या. ती आजारी पडल्यापासून त्यांनी ते धुऊ दिलं नव्हतं, वास जाईल म्हणून.

“हे नेस. म्हशीला तिचा वास लागू दे.”

“मी न्हाई नेसणार, आत्याबाई.”

“मग मरू दे व्हय तिला?”

शेजारणीच्या घरात जाऊन नेसले. शेण, घाम आणि अक्काच्या केसांचं खोबरेल. बाहेर येऊन बसले, तशी म्हशीनं मान वळवून मला हुंगलं आणि चरवीत धार वाजली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी मान खाली घालून पिळत होते आणि रडत होते. बघणाऱ्यांना वाटलं, जावेवर किती माया! मी रडत होते ते तिच्या लुगड्यालासुद्धा दूध मिळतं आणि मला नाही, म्हणून.

ऑपरेशनला पुरून उरतील एवढे पैसे जमले. ऑपरेशन झालंही, पण अक्का परत आली नाही. उरलेले पैसे थोरल्या दिरांनी तिथंच दिले, असल्या गाठींवर औषध शोधणाऱ्या डॉक्टरांसाठी.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ ते लुगडं नेसूनच मी धार काढत राहिले. धुवायची सोय नव्हती, त्यामुळं ते विटलं आणि पदराशी कडक झालं. वर्षभरानं एकदा माहेराहून, मलकापूरहून येताना एसटी रखडली. धारेची वेळ टळत होती, म्हणून अंगावरच्या पातळातच गोठ्यात बसले.

म्हशीनं हुंगलंसुद्धा नाही. सरळ पान्हा सोडला. मला, माझ्या पातळात. इतकी वर्षं जे मागत होते ते आज चरवीत पडत होतं. मी चरवी बाजूला ठेवली, उठले आणि तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

“विसरलीस व्हय गं तिला? एवढ्यात?”