पायाळूची टाच

येरमाळ्याच्या स्टँडसमोर आमच्या शेजाऱ्यांचं पानाचं दुकान आहे, पण पान खायला तिथं फारसं कुणी जात नाही. ते पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं कमरेत लाथ घातली की भरलेली उसण उतरते, अशी आमच्याकडं पक्की समजूत. लाथ घालण्याआधी ते तोंडातलं पान थुंकतात, चप्पल काढतात आणि गाभाऱ्यात शिरावं तसा चेहरा करतात. "लाथ न्हाय म्हणायचं, पाय लावला म्हणायचं," असं वर बजावतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या टाचेमागची शीर लिंबाएवढी सुजली. मीच त्यांना भूमच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, "सूज आली म्हणजे शरीरानं दुरुस्तीचं काम काढलंय. त्याच पायानं तुम्ही रोज लाथा घातल्या तर ते पुरं व्हायचं कसं? तीन महिने आराम द्या."

बाहेर आल्यावर पानवाले म्हणाले, "हे डोक्याकडून जन्मलेले. ह्यांना पायातलं काय कळतंय?"

टाचेवर भार देऊन त्यांना वाकता येईना, म्हणून मी वाकून त्यांची चप्पल पुढं सरकवली, आणि माझ्याच कमरेत उसण भरली. डॉक्टर आत, दोन पावलांवर बसले होते.

"वळा तिकडं," पानवाले म्हणाले. "डाव्यानं गुण येत न्हाय." आणि त्यांनी सुजलेला उजवा पाय उचलला.

मी वळलो.