वायरीसाठी ठेवलेलं भोक

मुलाच्या व्हिडिओ गेमच्या कडेला एक भोक होतं, ते मी बुजवलं. आतून काही लागतं का, बाहेरून काही जोडायचं असतं का, कोणाला विचारलं नाही. तेव्हाची मी म्हणजे पस्तिशीतली अतिशय कर्तबगार बाई, असं माझं स्वतःचं मत होतं.

यांची विम्याच्या नोकरीत बदली झाली आणि आम्ही जयपूरला आलो. जवाहर नगरात घर मिळालं आणि पहिल्याच उन्हाळ्यात आंधी आली. मी कोकणातली. आभाळ काळं झालं की वाळत घातलेलं आत घ्यायचं, एवढं मला ठाऊक. इथे आभाळ पिवळं झालं आणि वाळू आली. डाळीच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, यांच्या चष्म्याच्या घरात. मग मी पेटले. दोन कांड्या एकत्र मळून लावायचा तो राखाडी लेप आणला आणि दिसेल ते भोक बुजवत सुटले. खिडकीच्या फटी झाल्या, नळाशेजारची भगदाडं झाली, रेडिओची मागची जाळीसुद्धा सोडली नाही. शेजारीण म्हणाली, "भाभीजी, घर को सांस तो लेने दो." मी मनात म्हटलं, हिला स्वच्छतेचं वावडं दिसतंय.

माझ्या दिरांनी परदेशातून मुलांना हातात धरून खेळायचे दोन गेम आणले होते. एक मुलाला, एक मुलीला. दोन्हींच्या कडेला तसलं एकेक भोक. मुलीचा गेम तिच्या दप्तरात होता म्हणून वाचला.

पुढे दिरांनी एक वायर पाठवली. ती दोन्ही गेमना जोडली की दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता येणार होतं. मुलगा वायर घेऊन आला, भोक शोधलं आणि माझ्याकडे बघायला लागला. यांनी चाकूने लेप खरवडला, मग पकडीने ओढला, तर लेपाला चिकटून आतलं सॉकेटच उपटून आलं. मी काय म्हटलं असेल? "पण वाळू गेली नाही ना आत?" तसलं सॉकेट तेव्हा बाजारात मिळेना. भावंडं दोन कोपऱ्यांत बसून आपापला गेम खेळली आणि मोठी झाली.

गेल्या हिवाळ्यात माळा आवरताना दोन्ही गेम सापडले, ती वायरही. मुलगी इथे जयपुरातच असते, झालाना भागातल्या एका ऑफिसात नोकरी करते, रविवारी आमच्याकडे येते. तिने सेल घातले तर दोन्ही चालू. तिने लगेच परदेशातल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, कुठल्यातरी भैयाकडून ते सॉकेट बसवून घ्या. नाहीतर राहू दे ना, आता कोण खेळणार आहे."

हे म्हणाले, "भैया कशाला? मी आहे ना."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण लावत राहिले.

प्रत्येक बदलीच्या गावात अख्ख्या कॉलनीचे रेडिओ यांनीच दुरुस्त केले. पण दोन वर्षांपासून यांचे हात थरथरतात. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आटोक्यात राहील, जाणार नाही. तेव्हापासून यांनी सोल्डरिंग आयर्नला हात लावला नव्हता. ते सॉकेट यांना स्वतःच्या हातांनी बसवायचं होतं. हात अजून आपलं ऐकतात का, तेवढं बघायचं होतं. हे तसं बोलले नाहीत. मला कळलं.

मुलीने एका मेलेल्या गेममधून काढलेलं सॉकेट मागवून दिलं. खिडकीपाशी, जिथे दुपारचं ऊन येतं, तिथे यांनी टेबल मांडलं. मी समोर मटार सोलायला बसले.

"एवढुशा डबीला सहा पाय?" मी विचारलं.

"यातला एक बोलायचा, एक ऐकायचा, एक ताल धरायचा. एकामागून एक, रांगेत पाठवतात सगळं. तुझ्यासारखं चार गोष्टी एकदम नाही."

हे हसत होते. मला फार बरं वाटलं.

सॉकेट उपटलं तेव्हा खालचे तांब्याचे तीन ठिपकेही गेले होते. तिथे टाका बसायला जागाच नव्हती, म्हणून केसाएवढी तार लांबून फिरवून आणायची होती. पहिल्या दिवशी दोन पाय वितळलेल्या सोल्डरच्या एकाच थेंबात बुडाले. यांनी तो थेंब छोट्या पंपाने शोषून काढला. पुन्हा बुडाले. दुसऱ्या दिवशी कोपराखाली टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या ठेवल्या, मनगट टेबलाच्या कडेला टॉवेलने बांधलं. गोळी घ्यायची, ती चढेपर्यंत थांबायचं आणि मग आयर्न उचलायचं. आयर्नचं टोक तारेच्या आसपास फिरायचं, दिव्याभोवती किडा फिरतो तसं. "माझ्याकडे बघू नकोस," हे म्हणायचे. मी मटारकडे बघायचे. एकदा तर सोललेली सालं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात टाकत होते.

आणि मग माझ्यातली ती पस्तिशीतली बाई उठली. मी टेबलावरून हात लांबवून यांचं मनगट गच्च धरलं. मला वाटलं, दोन हात मिळून एक तरी स्थिर हात होईल. झालं असं की माझाही हात यांच्याबरोबर थरथरायला लागला. टोक घसरलं आणि तांब्याचा आणखी एक ठिपका पापुद्र्यासारखा सुटून आला.

यांनी आयर्न स्टँडमध्ये ठेवलं. टॉवेल सोडला. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं, मला ते जमतं. हे उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस."

"अहो, मी आयुष्यभर फोडण्या दिल्यात फक्त."

"मग धुराला घाबरणार नाहीस."

मी बसले. भिंग डोळ्याला लावलं. हे मागे उभे राहिले, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून. "टोक तांब्यावर टेकव. थांब. आता सोल्डर लाव. काढ दोन्ही. फुंकू नकोस." मी फुंकलंच. "परत." सहा टाके घालायला दोन दुपारी गेल्या. प्रत्येक टाका मोहरीसारखा फुगीर. यांचे टाके कसे असायचे ते मी पाहिलंय. यांनी माझ्या टाक्यांना नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मुलीने वायर जोडली. दोन्ही पडद्यांवर एकच खेळ सुरू झाला. तिने भावाला व्हिडिओवर घेतलं. तो म्हणाला, "बाबा, कमाल केलीत."

"मी नाही. तुझ्या आईने."

आणि मी, अजून शहाणी न झालेली, बडबडत सुटले. नाही रे, सगळं यांचंच, यांनी सांगितलं तसं केलं, माझे काय, नुसते हात. तो शब्द तोंडातून गेला आणि मी थांबले. मुलगी खेळाकडे बघत राहिली. हे म्हणाले, चहा टाकतेस का.

मुलगी गेल्यावर मी टेबल आवरत होते. तारेचे तुकडे, भिंग, पकड. काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून शोधत होते. हे खुर्चीत बसून माझं आवरणं बघत होते. मग म्हणाले,

"उद्यापासून माझ्या शर्टाची बटणं तू लावत जा. सकाळी माझा फार वेळ जातो त्यात."